धनेश, पाच ते साडेपाच

ऐक फक्त. मध्ये काही विचारू नकोस, नाहीतर मी घाईघाईत पुढचं आधी सांगून टाकेन, आणि ही गोष्ट क्रमानंच सांगायला हवी.

तर मंगळवारची संध्याकाळ. श्रद्धानं चहाचा कप लॅपटॉपच्या बाजूला सरकवला, शीट उघडली, खालून तिसरी ओळ निवडली आणि लाल करून टाकली. पाच ते साडेपाच. आनंदी. धनेश किती वेळा आला, शून्य. चोचीत काय होतं, तिथे एक छोटी आडवी रेघ. लाल केलेल्या ओळीपुढे तिनं लिहिलं, 'आनंदी, शून्य कसं? बाकी सगळ्यांना दिसला. उद्या नीट बघ.' मग बाकीच्या तेवीस ओळी एका झटक्यात हिरव्या केल्या आणि चहा प्यायली. गार झाला होता.

आता ही शीट काय, ते सांगते. श्रद्धा भंडाऱ्याची. एमएस्सी करून पुण्यात आली, येरवड्यात तिघींमध्ये एक खोली, आणि एका छोट्या संस्थेत नोकरी. संस्था म्हणजे दत्तप्रसाद सर, एक टेबल, दोन कपाटं आणि श्रद्धा. मुलांना शहरातले पक्षी-प्राणी दाखवून विज्ञान शिकवायचं, पण घरबसल्या, मोबाईलवर. नारायण पेठेत नदीच्या बाजूला एक जुनी सोसायटी आहे, तिच्या मागे प्रचंड मोठा वर्षावृक्ष. त्याच्या ढोलीत धनेशाच्या जोडीनं घर केलं होतं. धनेशाचं माहितीये ना? मादी ढोलीत शिरते आणि तोंड आतून लिंपून घेते, एक बोटभर फट ठेवते फक्त. आत अंडी घालते, तिची उडायची पिसं गळून पडतात, म्हणजे तिला वाटलं तरी उडता येत नाही. दोन-अडीच महिने नर बाहेरून एकेक फळ आणून त्या फटीतून तिला भरवतो. तिला आणि नंतर पिल्लांना.

समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मंदाकिनी काकू राहतात, बँकेतून रिटायर झालेल्या. त्यांच्या गॅलरीत संस्थेनं कॅमेरा बसवला. काकूंनी तीन अटी घातल्या. दुपारी एक ते चार बेल वाजवायची नाही, वीजबिलाचा फरक वेळेवर द्यायचा आणि त्यांच्या कुंड्यांना हात लावायचा नाही. आणि मे महिना लागल्यावर त्या किल्ली देऊन लेकीकडे नाशिकला निघून गेल्या.

तर सुट्टीत चोवीस मुलं, सकाळी साडेसहा ते संध्याकाळी साडेसहा, प्रत्येकाला रोज अर्धा तास. लिंक उघडायची, ढोलीकडे बघत बसायचं, धनेश आला की लिहायचं. किती वेळा आला, काय आणलं, किती फळं दिली. महिनाभर एकही खाडा नको, कारण पैसे देणाऱ्या कंपनीला अखंड नोंद हवी होती. ती मिळाली की हाच वर्ग दहा शाळांत सुरू होणार होता, आणि श्रद्धाचं मेअखेर संपणारं कंत्राट पक्कं होणार होतं. घरी तिनं आईला सांगूनही टाकलं होतं की जूनपासून पर्मनंट.

सुरुवातीला मुलांनी काय करावं? चार जणांनी सरळ शून्य, शून्य, शून्य लिहिलं. श्रद्धाला शंका आली. तिनं रेकॉर्डिंग काढून बघितलं तर धनेश दोन-दोनदा येऊन गेलेला, आणि ही पोरं लिंक चालू ठेवून दुसरीकडे गेम खेळत बसलेली. मग तिनं नियम केला. धनेश साधारण दर अर्ध्या तासाला येतोच, त्यामुळे शून्य म्हणजे तू बघत नव्हतास. शून्य आलं की ओळ लाल. तीन लाल झाले की शेवटच्या रविवारी झाडाखाली दुर्बीण घेऊन जायचंय, त्या यादीतून नाव बाद.

आठवड्यात शीट हिरवीगार. एक, दोन, दोन, एक, तीन. दत्तप्रसाद सर चष्मा कपाळावर ढकलून स्क्रीनकडे बघत राहिले.

"वा. पोरं सुधारली की. नाहीतर आमच्या वेळी तीस वर्षं शिकवून एक सुधारला नाही."

श्रद्धाला इतकं बरं वाटलं की त्यानंतर तिनं रेकॉर्डिंग बघणंच सोडलं. बारा तासांचं रोज कोण बघणार? आणि कशाला?

बुधवारी संध्याकाळी परत तेच. पाच ते साडेपाच, आनंदी, शून्य. आडवी रेघ. आणि या वेळी शेरा लिहायच्या रकान्यात तिनं स्वतःहून एक ओळ लिहिली होती. 'फांदीवर दोन खारी आल्या. एकीनं फटीत डोकावून पाहिलं आणि पळाली.'

श्रद्धाला ते वाचून जरा रागच आला. खारी बघायला कोणी सांगितलं? तिनं वरखाली बघितलं. साडेचार ते पाच, अभिनव, दोनदा, उंबर. साडेपाच ते सहा, अवनी, एकदा, वडाची फळं. सकाळी नऊला स्पृहानं तर लिहिलं होतं, 'तीनदा. तिसऱ्या वेळी सरडा आणला, त्याची शेपूट हलत होती.' स्पृहा नारायण पेठेतलीच, आई शाळेत शिक्षिका, पोरगी वर्गात सगळ्यात हुशार. श्रद्धा तिची ओळ दर शनिवारच्या ऑनलाइन वर्गात सगळ्यांना वाचून दाखवायची.

आणि मधोमध हे शून्य. श्रद्धानं ओळ लाल केली आणि आनंदीच्या आईला फोन लावला.

तनुजाताई एका आयटी कंपनीत साफसफाईला जातात. घरात मोबाईल एकच, म्हणून तर आनंदीची पाळी संध्याकाळी पाचची, आई कामावरून आल्यावर. मूळचे वाशीमचे लोक.

"तनुजाताई, मी संस्थेतून श्रद्धा बोलतेय. आनंदी निरीक्षणाच्या वेळी नक्की काय करते?"

"पाह्यतच राह्यते ना मॅडम. पापणी बी लवत नाही ते. मोबाईल भिताडाले टेकवते अन् समोर बसते. मले भांडे बी वाजवू देत नाही."

"पण तिला काही दिसत नाहीये. दोन दिवस झाले. बाकी तेवीस मुलांना दिसतंय."

"मंग डोळे दाखवा लागतीन का?"

भंडाऱ्याला श्रद्धाची आई अगदी अशाच चालीवर बोलते. पण नोकरीच्या फोनवर श्रद्धा पुण्याचं बोलते, शब्द न् शब्द सुटा.

"डोळ्यांचं नसावं. लक्ष नसेल. आज दुसरं लाल झालंय, अजून एक झालं तर रविवारी तिला झाडाकडे नेता येणार नाही. म्हणून आपण आधीच सांगितलेलं बरं."

मग मोबाईलपासून तोंड लांब नेऊन बोललेलं ऐकू आलं, "काय वं, काय लिव्हते तू?" आणि त्याहून लांबून मुलीचा आवाज, शब्द कळले नाहीत. मग तनुजाताई परत जवळ आल्या.

"सांगते मॅडम तिले. उद्या मी सोता बाजूले बसते. नाव नका काढू पोरीचं. पंधरा दिवसांपासून तेच चालू आहे, झाडापाशी जायचं, झाडापाशी जायचं."

"नाही काढत. फक्त तिला नीट बघायला सांगा."

गुरुवारी सहाला श्रद्धानं शीट उघडली तर आनंदीपुढे दोन. उंबर, चार फळं. तिनं लगेच हिरवं केलं, वर लिहिलं, 'शाब्बास आनंदी. बघितलं की दिसतं.' आणि पुढच्या पाच मिनिटांत मंदाकिनी काकूंचा फोन.

"अहो श्रद्धा, मी आले नाशिकहून. दुपारी दोनला. चहा करून गॅलरीत बसलेय. तुमचा तो पक्षी रजेवर आहे का?"

"नाही हो काकू. का?"

"आला नाही. मी चार तास बसलेय, एकदाही आला नाही. आणि आतून आवाज यायचा ना पिल्लांचा, तोही नाही."

"तुम्ही आत गेला असाल तेव्हा येऊन गेला असेल. थांबा, शीट आहे माझ्यासमोर." श्रद्धानं बोटानं मोजलं. "दोनपासून आत्तापर्यंत अकरा वेळा आलाय."

काकूंनी कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मग शीटमध्ये येत असेल. झाडावर नाही आला."

श्रद्धानं फोन ठेवला आणि रेकॉर्डिंग उघडलं. आधी दुपारचं. साठपट वेगानं. ढोली, फांदी, पानांच्या सावल्या इकडून तिकडे सरकतायत, एक खार, परत सावल्या. मग सकाळचं. रिकामी फांदी. मग बुधवारचं, पूर्ण बारा तास, आता तिनं बटणावरचं बोट उचललंच नाही. नऊ वाजताचा अर्धा तास तेवढा वेग कमी करून बघितला. सरडा नव्हता. काहीच नव्हतं. पाच वाजून चौदा मिनिटांनी दोन खारी आल्या, एकीनं फटीत डोकावलं आणि पळाली.

धनेश शेवटचा दिसला मंगळवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी. सात फळं दिली त्यानं, एकेक करून घशातून काढून, आणि मग फांदीवर चोच पुसून उडाला. त्यानंतर सव्वादोन दिवस कोणी आलं नव्हतं. आणि शीटमध्ये त्या सव्वादोन दिवसांत तो शंभराच्या जवळपास वेळा आला होता. उंबर घेऊन, वड घेऊन, एकदा शेपूट हलणारा सरडा घेऊन.

तिनं दत्तप्रसाद सरांना फोन केला, सरांनी प्राणी-पक्षी वाचवणाऱ्या एका गटाला केला, आणि श्रद्धा रिक्षात बसली. मे महिन्याचा मधला आठवडा, बंडगार्डनच्या पुलावर सात वाजता पण गरम वारा. सगळा रस्ता ती मोबाईलवर तेच लाइव्ह बघत होती. अंधार पडत चालला होता तसा कॅमेरा काळपट होत गेला, तरी ती बघत होती. फटीतून चोच बाहेर आली तर? नाही आली.

झाडाखाली त्या गटातला महिपती आधीच पोचला होता. वाघोलीकडचा, झाडावर चढून अडकलेले पक्षी काढतो, कमरेला दोरी, डोक्याला बॅटरी. तो वर गेला. खाली काकू गाऊनवर ओढणी घेऊन उभ्या, सोसायटीतले दोघं-तिघं, आणि श्रद्धा. वरून लिंपलेल्या मातीचे तुकडे पडायला लागले.

बऱ्याच वेळानं तो खाली आला. एका पिशवीत मादी, डोळे उघडे, हलत नव्हती पण जिवंत. दुसऱ्या पिशवीत त्यानं श्रद्धाला बघू दिलं नाही.

"तीन होती, ताई. दोन गेल्यात, कालच गेली असतील. एक हाय, पण त्यात आता काय राहिलं न्हाय. उन्हानं ढोली पार भट्टी झालीय."

"आणि ही?"

"हिला उपचार केंद्रात नेतो. आतून फोडायला बघत होती, चोचीला जखम हाय. फोडून तरी कुठं जाणार, पिसं न्हाईत अंगावर." त्यानं पिशवीचं तोंड सैल बांधलं. "नर दोन दिवस न्हाई म्हणता ना? काल सकाळी फोन केला असता तर खायला घालून जगवली असती सगळी. करतो आम्ही तसं. तुमच्याकडं कॅमेरा होता ना पण?"

काकूच म्हणाल्या, "कॅमेरा होता हो. सगळं होतं."

नराचा पत्ता कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं दिला. मंगळवारी दुपारी विजेच्या डीपीजवळ मोठा आवाज झाला, दहा मिनिटं लाइट गेली, आणि खाली तो पडलेला. झाडणाऱ्या बाईंनी दुसऱ्या दिवशी उचलून नेला. झेरॉक्सवाला म्हणाला, "मोठा होता. आम्हाला वाटलं गरुड."

तिसरं पिल्लू पहाटे गेलं.

शुक्रवारी ऑफिसात दत्तप्रसाद सरांनी शीट वरपासून खालपर्यंत वाचली. एकदाही मान वर केली नाही. मग म्हणाले,

"नर गेला मंगळवारी एक दहाला. त्यानंतर जो येत होता त्याला शोधायला हवा. फारच कर्तबगार आहे. मेल्यावर सरडे पकडतो."

श्रद्धा हसली नाही. तेही हसले नव्हते.

"सर, चूक माझी आहे. मी शून्याला लाल करत होते."

"दिसतंय मला." ते शेऱ्यांच्या रकान्यावरून बोट फिरवत राहिले. "अहो, शून्य ही पण नोंद असते, हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. मी काय केलं? वा म्हणालो."

मग ते उठून खिडकीशी गेले आणि पाठमोरेच बोलले.

"उद्या वर्गाला पैसे देणाऱ्या कंपनीच्या मॅडम बसणार आहेत. मंगळवार दुपारपासून गुरुवारपर्यंतची पानं काढा. कॅमेरा बंद होता म्हणू. वीज गेली होतीच, दहा मिनिटं का होईना. सगळं खोटं नाही."

"आणि मुलं?"

"मुलांना काय, सुटल्यासारखं वाटेल."

ती जागेवर आली आणि पानं काढायला बसली. पुसायच्या आधी तिनं प्रत्येक ओळ एकदा बघितली, शीटमध्ये कोणी कधी काय बदललं ते दिसतं ना, तेसुद्धा. सगळ्या ओळी पहिल्यापासून तशाच होत्या, एकदा लिहिलेल्या. फक्त आनंदीच्या दोन सोडून. मंगळवार, पाच ते साडेपाच, शून्य होतं, तिथे दोन केलेलं. बुधवार, पाच ते साडेपाच, शून्य होतं, तिथे दोन. दोन्ही बुधवारी रात्री आठ वाजून चाळीस मिनिटांनी, म्हणजे श्रद्धाच्या फोननंतर. आडवी रेघ खोडून 'उंबर' लिहिलेलं. खारींची ओळ पण नव्हती.

गुरुवारी तिच्या ते लक्षातच आलं नव्हतं. तिनं फक्त त्या दिवसाची ओळ बघितली होती.

चोवीस मुलांत एकीनं खरं लिहिलं होतं, दोन दिवस, आणि दोन्ही दिवस श्रद्धानं तिला लाल केलं होतं. तिनं त्या ओळी निवडल्या. पुसायचं बटण दाबायला हात गेला आणि तिथेच राहिला. दत्तप्रसाद सर खुर्चीत परत येऊन बसले तेव्हा तिनं दाबलं.

शनिवारी अकराला वर्ग. स्क्रीनवर चोवीस चौकोन, वर दत्तप्रसाद सरांचा, शेजारी कंपनीच्या मॅडमचा, मागे त्यांच्या घरातली पांढरी भिंत आणि एक रोपटं. सगळी मुलं आंघोळ करून, भांग पाडून बसलेली. आनंदी सगळ्यात खाली, मोबाईल भिंतीला टेकवलेला, म्हणून चौकोनात तिचं कपाळ मोठं दिसत होतं आणि मागे तिच्या आईचा हात, काहीतरी निवडत असलेला.

स्पृहानं हात वर केला.

"ताई, पिल्लं बाहेर कधी येणार?"

श्रद्धानं सांगितलं. नर विजेच्या धक्क्यानं गेला. पिल्लं वाचली नाहीत. मादी केंद्रात आहे. तिनं रात्रभर वाक्यं जुळवली होती आणि ती नीट आली तिला, एक मुलगी रडायला लागली तरी आली.

"कधी गेला तो?" अभिनवनं विचारलं.

"मंगळवारी दुपारी."

आणि बघ. तेवीस पोरं आपापल्या स्क्रीनकडे बघतायत. कोणी नखं खातंय, कोणी खाली वाकून काहीतरी शोधतंय. स्पृहाचा चौकोन काळा झाला, मग परत आला. प्रत्येकाला आपापला बुधवार आठवत होता, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकट्यानंच तसं केलं.

कंपनीच्या मॅडम पुढे वाकल्या. "पण मग बुधवार-गुरुवारच्या नोंदी?"

"त्या नाहीयेत," श्रद्धा म्हणाली. "मंगळवार दुपारपासून कॅमेरा बंद होता. वीज गेली होती. म्हणून आपल्याला वेळेवर कळलं नाही."

मग अभिनव म्हणाला,

"हो ताई. माझ्याकडे काळंच दिसत होतं."

"माझ्याकडे पण बंद होतं."

"माझ्याकडे गोल गोल फिरत होतं."

"ताई, मी मम्मीला सांगितलं होतं की बंद आहे. विचारा हवं तर."

एकामागून एक, सगळे. शेवटी स्पृहा पण, हळू आवाजात, "बंदच होता." त्यांचे चेहरे कसे सैल झाले ना, ते श्रद्धाला दिसत होतं. मॅडम मान हलवत काहीतरी लिहून घेत होत्या. दत्तप्रसाद सरांनी आपला कॅमेरा बंद केला.

आणि सगळ्यात खालच्या चौकोनात हात वर झाला.

"ताई, कॅमेरा सुरू होता."

श्रद्धानं मॅडमच्या चौकोनाकडे बघितलं.

"फांदी दिसत होती, ताई. खारी आल्या होत्या. मी आधी दोन्ही दिवस शून्यच लिहिलं होतं. मग तुमचा फोन आला आणि आई म्हणाली, मॅडम कशाला खोटं सांगतील, सगळ्यांना दिसतं तर तुलाच दिसत नसेल. म्हणून मी बदललं." ती श्वास घ्यायला थांबली. मागचा हात निवडायचा थांबला होता. "आता परत शून्य करू का?"

आवाज अगदी स्वच्छ होता. कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू आली मागून. मॅडमनी पेन थांबवून वर बघितलं, आनंदीकडे नाही, श्रद्धाकडे.

श्रद्धा माईकच्या जवळ गेली.

"आनंदी, तुझा आवाज तुटतोय गं."

तेवीस जण गप्प. सगळ्यांनी ऐकलं होतं. आनंदीनं भिंतीला टेकवलेला मोबाईल उचलला, तोंडाजवळ धरला, आता तिचे ओठच दिसत होते फक्त, आणि तिनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. हळूहळू, एकेक शब्द सुटा करून. 'ताई. कॅमेरा. सुरू. होता.' तिला खरंच वाटलं होतं की आवाज तुटतोय.

श्रद्धा मान हलवत होती, ऐकू येत नसल्यासारखी. तिची खोली येरवड्यात, आनंदीचं घर पण येरवड्यात, चालत गेलं तर पंधरा मिनिटं. त्या वर्गाला आज तीन आठवडे झाले. ती अजून गेलेली नाही. कंत्राट पक्कं झालं.

तू तिच्या जागी असतास तर... नाही, लगेच सांगू नकोस. कंपनीच्या मॅडम बघतायत, जूनची नोकरी आहे, आई भंडाऱ्याला वाट बघतेय, आणि ती पोरगी परत परत तेच सांगतेय. सांग आता. काय केलं असतंस?